'हे वाच गं' म्हणायला पेपरात थोडी जागा द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतलं पुस्तकांचं पान मी न चुकता वाचते, म्हणूनच हे लिहितेय. त्या पानावर परीक्षणं येतात, चांगली असतात, पण ज्या कथा-कादंबऱ्या आजकाल बायका (आणि पुरुषही, ते फक्त कबूल करत नाहीत) रोज रात्री मोबाईलवर वाचत बसलेल्या असतात त्यांचं तिथे नावही नसतं. प्रेमकथा नाही, भयकथा नाही, रहस्यकथा आलीच तर मोठ्या प्रकाशकाची नाहीतर इंग्रजीतून अनुवाद केलेली. आणि लेखिकेने स्वतःच किंडलवर, म्हणजे अॅमेझॉनच्या ई-पुस्तकांच्या दुकानात टाकलेली, किंवा अॅपवर भागाभागाने लिहिलेली, किंवा पदरचे पैसे घालून शंभर-दोनशे प्रती छापून घेतलेली, ती तर जणू या जगात नाहीच.

मला परीक्षण नकोच आहे या पुस्तकांचं. त्यांना समीक्षक नको, त्यांना हवीय शिफारस. एका वाचकाने दुसऱ्याला सांगितलेली, दहा ओळींची, की बाई हे वाच, आणि हे का वाच, आणि कुठे कंटाळा येईल तेही.

अॅप उघडलं की शेकडो कथा समोर येतात. कव्हरवर तोच तो सिनेमातला वाटावा असा मुलगा आणि पाठमोरी मुलगी. आणि रेटिंग? सगळ्यांना पावणेपाच. चारच्या खाली कुणी नाहीच, मग त्या आकड्याचा उपयोग काय. कारण काय तर लिहिणारे एकमेकांचं वाचतात, म्हणजे वाचतात असं म्हणायचं, तू माझ्या कथेला पाच स्टार दे मी तुझ्या कथेला देते, खाली कमेंट 'खूप सुंदर, पुढचा भाग लवकर टाका'. किंडलवर तर लेखकाच्या घरच्यांनी रिव्ह्यू लिहायचे नाहीत असा नियमच आहे पण नावाने कोण ओळखणार वहिनी कुठली आणि वाचक कुठली. आता रील करणारे पण आलेत, पुस्तक हातात धरून रडायचं आणि लिंक बायोमध्ये. पैसे घेऊन रडतात की खरंच रडतात ते आपल्याला कळायला मार्ग नाही.

पूर्वी हे काम वाचनालयातला माणूस करायचा. आमच्या गावच्या वाचनालयात काउंटरवर जे काका बसायचे त्यांना सभासदाचा चेहरा बघून कळायचं याला काय द्यायचं. धारपांच्या भयकथा वाचून संपल्या का, मग आता मतकरींच्या न्या, पण हे पुस्तक आईला दाखवू नका. बाईंना काय, परत रडकं नको ना, मग हे घ्या, यात लग्न होतं शेवटी. एवढंच. त्यांनी कधी एका पुस्तकावर पाच मिनिटं भाषण दिलं नाही, पण त्यांचं चुकायचं फार कमी. आज ते वाचनालय आहे पण नवीन खरेदी कमी, आणि जी पुस्तकं फक्त मोबाईलवरच आहेत ती त्या कपाटात येणार कुठून.

तुम्ही म्हणाल हे सगळं हलकंफुलकं, याला पेपरात जागा कशाला. तर थोडं मागे जाऊ. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली 'करमणूक' हे साप्ताहिक काढलं आणि त्यांची 'पण लक्षात कोण घेतो' ही कादंबरी त्यातच क्रमशः आली, म्हणजे संपादक तेच, लेखक तेच, आणि वाचक पुढच्या अंकाची वाट बघत बसलेले. आजची अॅपवरची मुलगी रात्री साडेदहाला भाग टाकते तेव्हा वेगळं काय करते? दर्जाची तुलना करत नाहीये मी, उगाच पत्र लिहू नका कुणी माझ्यावर. पण पद्धत तीच आहे. पुढे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, त्यांचे नायक झुंजार आणि काळा पहाड घराघरात गेले, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप एसटी स्टँडवरच्या स्टॉलवरून गावोगाव गेला, आणि यांच्याबद्दल त्या काळच्या साहित्यिकांनी किती लिहिलं ते तुम्हालाच माहीत. वाचणाऱ्यांनी एकमेकांना सांगूनच ते पसरलं.

प्रेमकथांचं तर त्याहून वाईट. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा'च्या दिवाळी अंकात आली, अश्लील म्हणून खटला झाला, प्रकरण थेट सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९६९ साली कोर्टाने त्यांना सोडलं. कोर्टाने सोडलं पण घरांनी नाही सोडलं. काकोडकर वाचायचे तर पेपरचं कव्हर घालून, गादीखाली ठेवून. तुमच्याच पेपरने त्या काळात किती कादंबऱ्या झाकल्या असतील, तेवढं पुण्य तरी आता उघडपणे घ्या असं माझं म्हणणं आहे. आता कव्हरची गरज नाही, मोबाईलच्या स्क्रीनवर काय चाललंय ते शेजारच्याला दिसत नाही, म्हणून तर बायका मोकळेपणाने वाचायला लागल्यात. रात्रपाळीच्या नर्स वाचतात, लोकलमध्ये वाचतात, कुकरच्या शिट्ट्या होईपर्यंत वाचतात. माझी जाऊ न्यूजर्सीत असते, तिथे मराठी पुस्तकांचं दुकान कुठून आणायचं, ती किंडलवर मराठी शोधते आणि मला मेसेज करते की चार दिवस झाले चांगलं काही सापडत नाहीये, कुणी सांगेल का.

स्वतः छापलं म्हणजे पुस्तकात काही दम नाही, हा समज तर आता सोडायलाच हवा. अश्विन सांघींनी आपली पहिली थ्रिलर कादंबरी २००७ मध्ये टोपणनावाने, तेही स्वतःच्याच नावातली अक्षरं उलटीपालटी करून, स्वखर्चाने प्रसिद्ध केली होती. अमेरिकेत अँडी वीअर नावाच्या माणसाने मंगळावर अडकलेल्या अंतराळवीराची कादंबरी आपल्या वेबसाईटवर फुकट टाकली, वाचकच मागे लागले किंडलवर टाक म्हणून, त्याने २०११ मध्ये ९९ सेंटला टाकली, आणि २०१५ मध्ये त्यावर सिनेमा आला. कोलीन हूव्हर या बाईंची पहिली प्रेमकथा जानेवारी २०१२ मध्ये अशीच स्वतः प्रकाशित केलेली. एका पुस्तकवेड्या बाईने आपल्या ब्लॉगवर भरभरून लिहिलं आणि विक्री एकदम वाढली, त्याच वर्षी ती न्यूयॉर्क टाइम्सच्या सर्वाधिक खपाच्या यादीत. एका वाचक बाईने. ना समीक्षक ना प्रकाशक. हूव्हरबाईंची सगळी पुस्तकं मला आवडतात असं नाही, काही तर अजिबात नाही, पण मुद्दा तो नाही.

मराठीत हे होणं अवघड आहे असंही नाही. अॅमेझॉनने २०१६ च्या डिसेंबरमध्ये मराठीसह पाच भारतीय भाषांत स्वतः ई-पुस्तक प्रकाशित करायची सोय केली, तेव्हापासून सातारा-जळगावच्या मुलीही पुस्तक टाकतात. ई साहित्य प्रतिष्ठानसारखे लोक तर त्याच्याही आधीपासून फुकट ई-पुस्तकं वाटतायत. छापील काढायचं तर आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाचा ओळख नंबर, आपल्याकडे सरकारकडून फुकट मिळतो. म्हणजे दार उघडं आहे. फक्त दारातून आत गेल्यावर कुठली खोली बघायची ते सांगायला कोणी नाही.

आणि वाचकाने जरा हुशार व्हायला पाहिजे म्हणून दोन गोष्टी सांगते ज्या बऱ्याच जणींना माहीत नसतात. किंडल अनलिमिटेडमध्ये, म्हणजे वर्गणी भरून हवी तेवढी पुस्तकं वाचायच्या योजनेत, लेखकाला पैसे वाचलेल्या पानांवर मिळतात. त्यामुळे काही लोक कथा ओढतात, ओढत राहतात, नायिकेने खिडकीतून बाहेर बघायचं म्हणजे अडीच पानं बघते. सगळे करत नाहीत पण करणारे ओळखू येतात. दुसरं म्हणजे ज्यांनी पुस्तक अॅमेझॉनच्या सिलेक्ट योजनेत टाकलंय त्यांना ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठे विकता येत नाही, फुकटही ठेवता येत नाही, नव्वद दिवसांचा करार असतो, आणि खुद्द अॅमेझॉनवरही त्या नव्वद दिवसांत जास्तीत जास्त पाच दिवस पुस्तक फुकट ठेवता येतं. त्या पाच दिवसांत कुणी 'आज फुकट आहे, घेऊन ठेवा' एवढं सांगितलं तरी पुरे. आणि विकत घ्यायच्या आधी नमुना वाचायला मिळतो, साधारण सुरुवातीचा दहा टक्के मजकूर, तो वाचाच. पहिल्या चार पानांत नायकाच्या डोळ्यांचा रंग तीनदा आला तर पुढे काय असणार ते समजून जा.

आता शिफारस कशी असावी. आमचा एक छोटा व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, शाळेतल्या मैत्रिणी, एक बँकेत, एक हॉस्पिटलात, दोघी घरी, एकीचं ब्युटी पार्लर. तिथे हे सगळं आपोआप सुरू झालं आणि हळूहळू लिहायची एक पद्धत बसली. हॉस्पिटलवालीने मागे एका पुस्तकाबद्दल टाकलेलं जसंच्या तसं देते, पुस्तकाचं नाव तेवढं काढते, नाहीतर तुम्ही जाहिरात म्हणून पत्रच कापाल:

'भयकथा आहे पण रक्तबिक्त नाही. गुहागरकडचं गाव, आजोळचं घर विकायला आलेली दोन भावंडं, माजघरात एक कपाट जे घरातलं कुणी उघडत नाही. सुरुवातीची वीस पानं संथ, तेवढी सोसा. आजीचं बोलणं एकदम खरं वाटतं, लेखिका नक्की तिकडची असणार. शुद्धलेखन ठीक. पूर्ण झालेली आहे, लटकवत नाही. शेवट थोडा घाईत उरकलाय. रात्री एकट्या असाल तर नको, मी बाथरूमचा लाईट चालू ठेवून झोपले.'

बघा यात सगळं आलं. कशाची गोष्ट, कुणाला आवडेल, कुठे कंटाळा येईल, पूर्ण आहे की नाही. हे शेवटचं तर फारच महत्त्वाचं. भागाभागाने येणाऱ्या कथांमध्ये अर्ध्या कथा तशाच राहतात, साठ-सत्तर भाग वाचायचे, नायक अॅक्सिडेंटमध्ये कोमात, आणि लेखिका गायब. मग समजतं की तिचं लग्न झालं किंवा परीक्षा आली. तिचाही दोष नाही, तिला कोण पैसे देतंय धड. पण वाचणारीचा जीव टांगणीला लागतो त्याचं काय. म्हणून शिफारशीत पहिला शब्द 'पूर्ण' की 'चालू' हा असलाच पाहिजे.

शुद्धलेखनाबद्दल मी फार कडक नाही. ऱ्हस्व-दीर्घ माझंही कच्चं आहे, तुमचे उपसंपादक दुरुस्त करतील म्हणून बिनधास्त लिहितेय. पण बोलून टाईप करणाऱ्यांनी निदान एकदा वाचून टाकावं. एका कथेत ऐन पावसात त्याने तिला 'घट्ट मिठाई मारली', आता त्या प्रसंगात मी हसू की रडू. संपादक नसतो ना मध्ये, हीच तर अडचण आहे स्वतः प्रकाशित करण्यातली, आणि म्हणूनच कुणीतरी आधी वाचून सांगणं जास्त गरजेचं.

अजून एक गोष्ट शिफारशीत स्पष्ट लिहिलीच पाहिजे असं माझं ठाम मत आहे, ग्रुपमध्ये यावरून भांडणंही झालीत. प्रेमकथांमधला नायक. तो अठ्ठावीस वर्षांचा असतो, उद्योगपती असतो, कंपनी कशाची आहे ते शेवटच्या भागापर्यंत कळत नाही, ऑफिसात त्याला काम नसतं, आडनाव बहुतेक राजेशिर्के नाहीतर सरदेशमुख. इथपर्यंत माझी काही तक्रार नाही, रोज बॉसचं ऐकून आलेल्या बाईने घटकाभर असला बॉस वाचला तर बिघडलं कुठे. पण तो तिचा हात पिरगाळतो, तिचा फोन तपासतो, तिने नाही म्हटलं तरी उचलून गाडीत घालतो आणि लेखिका त्याला 'पझेसिव्ह' म्हणते आणि खाली कमेंटमध्ये बदामांचा पाऊस पडतो, तिथे मला राग येतो. ज्यांना वाचायचंय त्यांनी वाचावं, मी कोण अडवणार. पण आधी सांगा. कॉलेजात जाणारी माझी भाचीही हेच वाचते. आणि याच अॅपवर अशाही कथा आहेत जिथे चाळिशीतली विधवा बाई आणि तिच्या मुलाचे क्लासचे सर, दोघंही घाबरत घाबरत चहाला भेटतात आणि पूर्ण कथेत फार तर एकदा हात धरतात, आणि ती वाचताना छातीत धडधड होते. ती कथा मला कुणी सांगितली नसती तर कधीच सापडली नसती, कारण तिच्या कव्हरवर सिनेमातला मुलगा नाही, नुसता कप आहे, आणि रेटिंग करणारे मोजून काही लोक.

म्हणून विनंती अशी की महिन्यातून एकदा तरी, पूर्ण पान नको, पाव कॉलम, वाचकांनी पाठवलेल्या दोन-तीन शिफारशी छापा. फक्त लेखकाने स्वतः प्रकाशित केलेल्या प्रेमकथा, भयकथा, रहस्यकथा, विज्ञानकथा. सत्तर-ऐंशी शब्दांत. कुठे मिळते, किंमत काय किंवा फुकट आहे का, पूर्ण की चालू, आणि एक तरी उणीव लिहिलीच पाहिजे. ही उणिवेची अट मला फार महत्त्वाची वाटते, कारण लेखकाच्या बहिणीने पाठवलेली शिफारस असेल तर तिला उणीव लिहिता येणार नाही, आणि लिहिली तरी 'एवढीच तक्रार की लवकर संपलं' अशी असेल, लगेच पकडता येईल. पाठवणाऱ्याने खाली लिहून द्यायचं की लेखकाशी नातं नाही, मैत्री नाही, पैसे घेतलेले नाहीत. खोटं बोलणारे बोलतीलच, पण तुमच्याकडे पत्रं येतात तेव्हा तुम्ही नाही का ओळखत कुठलं पत्र खरं आणि कुठलं कुणी लिहून घेतलंय.

कुणी म्हणेल ही फुकटची जाहिरात होईल. होऊ दे की. मोठ्या प्रकाशकांच्या प्रकाशन समारंभाचे फोटो छापता, पाहुण्यांच्या नावांसकट, ती काय असते मग? कुणी म्हणेल दर्जा नाही. दर्जा असतोच असं मी म्हणतच नाहीये, दहातल्या सात टुकार आहेत, आठ म्हणा हवं तर. उरलेल्या दोन शोधून द्यायला माणूस लागतो एवढंच. छापील पुस्तकांतही प्रमाण फार वेगळं नसावं, फक्त तिथे टुकारांना कव्हर चांगलं मिळतं.

आणि लिहिणाऱ्यांसाठी एक शब्द, तेही तुमचा पेपर वाचत असतील. वाचकाने उणीव दाखवली की कमेंट डिलीट करू नका, ब्लॉक तर करूच नका. आमच्या ग्रुपमधल्या पार्लरवालीने एका लेखिकेला प्रेमाने लिहिलं की ताई तुमची नायिका पहिल्या भागात डावखुरी होती आणि चाळिसाव्या भागात उजव्या हाताने सही करते, तर ताईंनी तिला ब्लॉक केलं. अहो, इतक्या बारकाईने वाचणारी बाई ब्लॉक करायची असते का, तिला तर पुढचं पुस्तक छापायच्या आधी वाचायला द्यायला हवं.

सुरू करणार असाल तर दिवाळीच्या आधी करा. दिवाळीत 'धनंजय', 'हंस', 'मोहिनी' हे अंक आले की आम्ही सगळ्या त्यातच असतो, मोबाईलवरचं कुणी बघत नाही, आणि नोव्हेंबर सरल्यावर परत शोधाशोध सुरू. पहिल्या वेळेसाठी आमच्या ग्रुपच्या तीन शिफारशी तयार आहेत, त्या गुहागरच्या कपाटासकट, उणिवा धरून. नावं आणि लिंक वेगळ्या कागदावर पाठवते, तुम्ही वाचून बघा मगच छापा.

आपली,
एक वाचक, सातारा